फ्लॉरीची गाडी चुकते

खांडबाऱ्याच्या फलाटावर सुरतेकडे तोंड करून उभे राहा. डिसेंबरची सकाळ आहे, शाल नीट गुंडाळा. नंदुरबारच्या बाजारातून आलेल्या माणसांच्या कपड्यांतून मिरचीचा ठसका सुटलाय. एका कानात मावची, दुसऱ्या कानात अहिराणी, मधूनच गुजराती. टोपल्या, पिशव्या, दप्तरं, ढकलाढकली. गाडी येते, थांबते न थांबते तोच हलायला लागते. जाऊ द्या ती. आपली गाडी मागून येतेय.

ती आली की आधी वासानेच कळेल. कोळसा, वाफ आणि तापलेलं तेल. मागचे डबे कापसाच्या गाठींचे. चढा, गाठीवरच बसा. कापूस मऊ असतो हे खरं, पण गाठ आवळणाऱ्या लोखंडी पट्ट्या मांडीला रुततात, सांभाळा. पुरुष वाचकांना एक विनंती आहे : पुढचा तासभर तुम्ही मुलगी आहात. वय सतरा, हात कामाला सरावलेले, पाय पळायला आतुर. बायकांना वेगळं काही सांगायला नको.

खानदेशच्या कापसाला आपण निघालोय ती दिशा नवी नाही. अमेरिकेत यादवी पेटली आणि तिकडचा कापूस अडला, तेव्हा इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांनी आपल्याकडचा कापूस ओढून नेला होता, बैलगाड्यांनी आणि मग जहाजांनी. तिथल्या कामगार बाया त्याच्यावर कातावत. धागा आखूड, सारखा तुटायचा. तुम्ही त्याच गिरण्यांच्या गावात उतरणार आहात. गावाचं नाव प्रेस्टन. साल १९१७.

उतरलात? काही दिसत नाही ना? सकाळ झालीय, पण इथे हिवाळ्यात सकाळ काळीच असते. खोलीत दोन पोरी तुमच्याच पांघरुणात झोपल्यात. वरच्या मजल्याच्या काचेवर टकटक होते. घाबरू नका, खाली लांब काठी घेतलेला माणूस उभा आहे. पगारी माणूस आहे तो, गल्लीतल्या कामगारांना काचेवर काठी वाजवून उठवतो आणि तुम्ही काचेशी येऊन तोंड दाखवल्याशिवाय हलत नाही. पाण्यात हात घालता आणि बोटं नाहीशी होतात. चहा मात्र कडक आणि गोड. पावावर मांस भाजताना गळलेली चरबी आणि मीठ. खा, दुपारपर्यंत दुसरं काही मिळणार नाही.

दार उघडताच आवाज अंगावर येतो. शेकडो पायांत लाकडी तळाचे बूट, तळाला लोखंडी पट्टी, आणि खाली दगडी रस्ता. खडखड खडखड, सगळं गाव एका दिशेने चाललंय. धुरांड्यांचा धूर वर जायला तयार नाही, धुक्यात अडकून खाली बसलाय, आणि तुमच्या जिभेवर त्याची चव आहे. रिबल नदीच्या बाजूने ओला वारा येतो. तुम्ही स्ट्रँड रोडला वळता, फाटकातून आत शिरता. डिक, कर आणि कंपनी. एरवी इथे ट्रामगाड्या आणि विजेची यंत्रं बनत. आता पुरुष लढाईवर गेलेत आणि तुम्ही तोफगोळे बनवता.

लेथ सुरू होतो. त्याचा आवाज आधी कानात असतो, नंतर दातांत, तासाभराने छातीत. धातूचा कीस बाहीतून आत जातो. तेलाचा वास केसांत बसतो तो रविवारच्या अंघोळीनेही जात नाही. बोलायचं तर शेजारणीच्या तोंडाकडे बघून ओठ वाचायचे. तुम्ही दोन दिवसांत शिकाल.

आणि मग जेवणाची सुट्टी. यासाठीच मी तुम्हाला इथे आणलंय.

आवारात एक चेंडू आहे. समोर कपडे ठेवायच्या खोलीच्या चौकोनी छोट्या खिडक्या. पोरं एका बाजूला, पोरी एका बाजूला. पैज साधी आहे : चेंडू कोण खिडकीतून आत घालतं? पोरं जिंकली तर पोरींनी त्यांना वुडबाइन सिगारेटचं पाकीट द्यायचं, पोरी जिंकल्या तर पोरांनी चॉकलेटची वडी. डबा बाजूला ठेवा. लाकडी बुटांनी मारायचं आहे, अंगठा जपा. पहिला फटका भिंतीवर. दुसरा भिंतीवर. तिसरा आत जातो आणि तुमच्या भोवती जो कल्लोळ उठतो, त्यात लेथचा छातीतला आवाज पहिल्यांदा बंद पडतो.

कचेरीत काम करणारा आल्फ्रेड फ्रँकलंड नावाचा माणूस या पोरींचा खेळ बघतो आणि ओळखतो, की हे पैसे देऊन बघावं असं काहीतरी आहे. त्या नाताळच्या दिवशी प्रेस्टनच्या डीपडेल मैदानावर डिक-करच्या मुली दुसऱ्या कारखान्याच्या मुलींशी फुटबॉल खेळतात. दहा हजार माणसं येतात. पैसे जखमी सैनिकांच्या इस्पितळाला जातात. डिक-कर ४–० ने जिंकतात. कुणी हसायला आलेलं असेल, तर तो अर्ध्या तासात हसायचं विसरतो.

आता तीन वर्षं पुढे उडी मारू. लढाई संपलीय. पुरुष परतलेत, बऱ्याच बायकांची कामं गेलीत. तुमचं टिकलंय, कारण तुम्ही संघाचं सामान सांभाळता. हो, तुम्ही खेळाडू नाही आहात. रागावू नका. सामान सांभाळणाऱ्या पोरीला जे दिसतं ते कुणालाच दिसत नाही.

काळ्या-पांढऱ्या उभ्या पट्ट्यांचे शर्ट तुम्ही मोजून घड्या घालता. तशाच पट्ट्यांच्या टोप्या, केस आत कोंबायला. गडद चड्ड्या. आणि बूट. एक बूट हातात घ्या, वजन बघा. घोट्याच्या वर येणारं जाड कातडं, पुढे दगडासारखं टणक नाक, तळाला खिळ्यांनी ठोकलेले कातड्याचे गट्टे. खिळा आतून वर आला की टाच फाटते, म्हणून प्रत्येक बुटात बोट घालून तपासायचं. चेंडूही कातड्याचा, वरून वादीने शिवलेला. कोरडा असेपर्यंत ठीक. इथे कोरडं काहीच नसतं. पाणी प्यायलेला चेंडू डोक्याने मारला आणि वादीची बाजू लागली, तर कपाळावर वळ उठतो. पोरी तो वळ पुसतात आणि पुढे पळतात.

त्यांच्याकडे बघा. ती बुटकी, चपळ, पायांतून चेंडू सुटूच न देणारी जेनी हॅरिस. ती बचावातली शांत पोरगी अ‍ॅलिस केल, कर्णधार. आणि ती उंच, काळ्याभोर केसांची, अजून पंधराचीच असलेली लिली पार. सेंट हेलेन्सच्या काचकारखान्यातल्या मजुराची मुलगी, भावांबरोबर खेळून तयार झालेली. चौदाव्या वर्षी डिक-करला आली, संघातल्याच अ‍ॅलिस नॉरिसच्या घरी राहते. डाव्या बगलेने निघते आणि डाव्या पायाने असा फटका मारते की चेंडू आधी दिसतो आणि आवाज नंतर ऐकू येतो. पहिल्याच हंगामात ४३ गोल. एका पुरुष गोलकीपरने तिला आव्हान दिलं आणि तिच्या फटक्याने त्याचा हात मोडला, असं प्रेस्टनमध्ये सांगतात. वुडबाइन सिगारेटी ओढते. खाणं भरपूर. तिच्या पुढ्यातल्या ताटाकडे हात नेऊ नका.

आणि फ्लॉरी. फ्लॉरी रेडफर्ड, संघाची सेंटर फॉरवर्ड. आज आपण स्ट्रायकर म्हणतो ती जागा. लिलीचं नाव पुढे जगभर झालं, पुतळाही झाला. पण १९२० मध्ये गोल हवा असला तर डिक-करच्या पोरी फ्लॉरीकडे बघतात. स्ट्रायकरची जागा एकाकी असते. बाकीच्या दहाजणी चेंडूमागे पळतात, ती चेंडू जिथे येणार आहे तिथे आधी जाऊन उभी राहते, पाठीवर बचावातल्या पोरीचं कोपर सहन करत. गोल झाला की सगळ्या तिच्यावर. नाही झाला की सगळे डोळे तिच्यावर. तुम्ही रेषेबाहेर चेंडूंची पिशवी धरून उभे आहात, तुम्हाला तिचा श्वास ऐकू येतो.

आज १६ डिसेंबर. दिवसभर कारखाना चालला, म्हणून सामना रात्री. हो, रात्री, उघड्या मैदानावर. तुम्ही म्हणाल, दिसणार कसं? लष्कराकडून विमानं शोधायचे दोन प्रचंड दिवे आणलेत. त्यांची परवानगी विन्स्टन चर्चिल यांच्या खात्याने दिलीय. मैदानाभोवती कार्बाइडच्या चाळीस मशाली लावल्यात. कार्बाइडचा लसणासारखा उग्र वास नाकात चढतो, डोळे चुरचुरतात. बारा हजार माणसं जमलीत आणि इतक्या तोंडांची वाफ दिव्याच्या झोतात एकदम वर जाताना दिसते.

तुमचं काम आज मोठं आहे. काळपट चेंडू रात्री दिसत नाही, म्हणून चेंडू पांढरे रंगवलेत. पण ओलं कातडं रंग धरत नाही. दहा मिनिटं चेंडू चिखलात फिरला की पुन्हा काळा. चेंडू बदलायचा, आत आलेला पुसायचा, कुंचला फिरवायचा, पुन्हा तयार ठेवायचा. तुमचे हात कोपरापर्यंत पांढरे, नखांत चुना, बोटं कधीच गेलीत. लाज वाटून घेऊ नका, आज चेंडू सगळ्यांना दिसतोय तो तुमच्यामुळे.

दिवेवाला सैनिक झोत खेळाबरोबर फिरवतो. मध्येच तो थेट डोळ्यांत येतो आणि पोरी आंधळ्या होऊन थबकतात. प्रेक्षक ओरडतात. झोत बाजूला होतो. मैदानाचा अर्धा भाग लख्ख, अर्धा काळोख, आणि त्या काळोखातून जेनी हॅरिस बाहेर येते ती चेंडूसकट. गोल. थोड्या वेळाने पुन्हा जेनी. मग उत्तरार्धात फ्लॉरी. तुम्ही बघितलंत का? तिने चेंडू येण्याआधीच पाऊल टाकलं होतं. उजेड तिच्यावर नंतर पोचला. शेवटी मिनी लायन्स, आणि ४–०. आजचे पैसे बेकार झालेल्या सैनिकांच्या घरी नाताळचं जेवण पोचावं म्हणून आहेत.

फाटकाबाहेर एक माणूस काळे वाटाणे विकतोय, शिजवून मऊ केलेले, वर आंबट व्हिनेगर. आपल्या उसळीतून तेल-तिखट काढून घेतलं तर असं लागेल. कागदाचा पुडा दोन्ही हातांत धरा, आधी बोटं शेकून घ्या, मग खा. चव नंतर बघू.

आता दहा दिवस पुढे, नाताळच्या सुट्टीत. लिव्हरपूलला जायचंय. एव्हर्टन क्लबच्या गुडिसन पार्क मैदानावर सेंट हेलेन्सच्या मुलींशी सामना आहे. लिली पूर्वी याच सेंट हेलेन्सकडून खेळायची.

प्रेस्टन स्टेशनचा फलाट. तुमच्या हातात बुटांचं गाठोडं, खांद्यावर चेंडूंची जाळी. पोरी येतायत, एकमेकींच्या गळ्यात पडतायत, नाताळचा केक कागदात बांधून आणलेला. मोजा त्यांना. जेनी आली. केल आली. लिली आली. पुन्हा मोजा. शिट्टी होते.

फ्लॉरी नाही.

डब्यातून डोकं बाहेर काढून तुम्ही फलाटाच्या टोकापर्यंत बघता. हमाल, पेट्या, निरोप द्यायला आलेल्या बायका, वाफ. गाडी हलते. तुम्ही खांडबाऱ्याचे आहात, तुम्हाला हे कुणी समजावून सांगायला नको. दिवसातून मोजक्या गाड्या थांबतात अशा गावात वाढलेल्या माणसाला ठाऊक असतं, की चुकलेली गाडी म्हणजे चुकलेली परीक्षा, चुकलेली मुलाखत, चुकलेला सामना. संघातली सगळ्यात जास्त गोल करणारी पोरगी मागे राहिली आणि तुम्ही सगळ्या पुढे चाललात. डब्यात कुणी बोलत नाही. मग एकदम सगळ्याच बोलतात.

लिव्हरपूलला उतरल्यावर मात्र फ्लॉरीचा विचार करायला जागाच उरत नाही. अक्षरशः. गुडिसनच्या आधीच्या गल्लीत माणसांची भिंत उभी आहे. घोड्यावरचे पोलीस वाट काढतात, घोड्यांचा घाम आणि लीद, ओल्या लोकरी कोटांचा कुबट वास, तंबाखू, बिअर, संत्र्यांच्या साली. तुमची टोपी जाते. गाठोडं छातीशी घट्ट धरा, ते गेलं तर पोरी अनवाणी खेळतील. कुणाचा तरी कोट तुमच्या तोंडात, पाय जमिनीला लागत नाहीत, गर्दी तुम्हाला उचलून नेते. पोलीस पोरींना मध्ये घेऊन दारापर्यंत पोचवतात. मागे फाटक बंद होतं आणि बाहेर राहिलेल्या हजारो लोकांची हाक त्या लाकडावर आदळते.

आत ५३,००० माणसं. हा आकडा नुसता वाचू नका. आजचं सगळं नवापूर शहर आणून इथे बसवलं, तरी जागा उरेल. सगळे उभे, खांद्याला खांदा, पोरं बापाच्या खांद्यावर. लाकडी करकऱ्या फिरतायत, त्यांचा आवाज पावसासारखा सलग. पुढच्या रांगेत कित्येकांची एक बाही रिकामी, पिनेने टाचलेली. आजचं उत्पन्न त्यांच्यासाठीच आहे.

बोगद्यातून पोरी मैदानात येतात आणि जो आवाज उठतो तो कानाने ऐकायचा नसतो, पोटाने ऐकायचा असतो. कारखान्यातल्या लेथचा आवाज तुम्ही छातीत घेऊन फिरत होतात ना? हा त्याहून मोठा आहे. कारखान्यातल्या पोरींसाठी, इस्त्री न केलेल्या शर्टांसाठी, तुम्ही बोट घालून तपासलेल्या त्या बुटांसाठी.

पहिल्या अर्ध्या वेळेत फ्लॉरीची जागा जाणवते. लिली बगलेतून चेंडू आत टाकते आणि जिथे फ्लॉरी असायची तिथे कुणी नसतं. चेंडू पलीकडे निघून जातो. पुन्हा येतो. पुन्हा तेच. जेनी एक गोल करते, १–०. पण प्रेस्टनच्या पोरींना असं जिंकायची सवय नाही.

मध्यंतरात तुम्ही चहाचे कप फिरवता. पोरींच्या गुडघ्यांवर चिखल वाळून भेगाळलाय. आणि तिथे जे ठरतं ते मला या सगळ्या गोष्टीत सगळ्यात मोलाचं वाटतं. अ‍ॅलिस केल, जिचं काम मागे राहून गोल वाचवायचं, ती फ्लॉरीच्या जागी पुढे जाते. कर्णधाराने स्वतःलाच उचललं आणि रिकाम्या जागेत नेऊन ठेवलं. उत्तरार्धात बचावातली ही पोरगी एक गोल करते. मग दुसरा. मग तिसरा. ५३,००० माणसांना आपण काय बघतोय ते समजायला वेळ लागतो, आणि समजल्यावर जो गजर होतो त्यात तुमच्या हातातला चहा सांडतो. ४–०. त्या दिवशी गोळा झाले ३,११५ पौंड.

स्ट्रायकरच्या कारकिर्दीवर लिहिणारे गोल मोजतात. मोजावेतच. पण फ्लॉरीच्या कारकिर्दीतला मला सगळ्यात जास्त शिकवणारा दिवस हा, ज्या दिवशी ती मैदानावर नव्हती. तिच्या प्रत्येक गोलाच्या मागे अशी एक केल उभी होती, आपली जागा सोडून दुसरीची जागा भरायला तयार असलेली, आणि एक जेनी, आणि चेंडू पांढरा करणारे तुमच्यासारखे हात. फ्लॉरीने ते फुकट जाऊ दिलं नाही. पुढच्या वर्षी, १९२१ मध्ये, संघ ६७ सामने खेळला आणि त्यात तिच्या एकटीच्या नावावर १७० गोल आहेत. लिलीचे १०८.

६७ सामने म्हणजे किती गाड्या, ते सामान उचलणाऱ्या तुम्हाला विचारावं. सामना बहुतेक शनिवारी, नाहीतर कामाच्या दिवशी संध्याकाळी. पाळी संपवून स्टेशन गाठायचं, डब्यातच कपडे बदलायचे, खिडकीला शाल लावून. परत येताना मध्यरात्र. बूट ओले, पाय सुजलेले, डब्यात दुखऱ्या पायांना चोळायच्या लिनिमेंटचा झोंबणारा वास, कुणीतरी गाणं म्हणतंय, तुमच्या खांद्यावर कुणाचं तरी डोकं. सकाळी पुन्हा काचेवर काठी. सामन्यामागे हातखर्चाला दहा शिलिंग मिळतात. त्यात गेलेल्या पाळीचा पगारही भरून काढायचा असतो. तुम्ही थकलात? अजून वर्ष अर्धंच झालंय.

मग ५ डिसेंबर १९२१. लंडनमधल्या एका खोलीत फुटबॉल असोसिएशनचे पुरुष बसतात आणि ठरवतात, की हा खेळ बायकांना योग्य नाही, आणि आपल्या क्लबांनी त्यांना मैदान देऊ नये. खर्चाच्या हिशेबावरही संशय घेतात. त्या खोलीत तुम्हाला नेणार नाही. तिथे बघण्यासारखं काही नाही. तुम्हाला मी त्यानंतरच्या शनिवारांमध्ये नेतो.

डीपडेल बंद. गुडिसन बंद. जिथे ५३,००० माणसं ओरडली ती सगळी गवतं बंद. आता रग्बीची मैदानं, बागा, कुणाच्या तरी शेताची कड. गोलाचे खांब तुम्ही रोवता. रेषा तुम्ही चुन्याने मारता, चुना हाताला सवयीचा आहे. कपडे बदलायला झाडामागची जागा, नाहीतर एखादं गोदाम. पाऊस आडवा येतो. प्रेक्षक कमी, पण जवळ, इतके जवळ की खेळाडू पडली तर त्यांच्या पायांत पडते. मुलींकडून खेळ काढून घेता आला नाही. गवत, छप्पर, गरम पाणी आणि गर्दी मात्र काढून घेतली. अन्याय असाच होतो, दाराला कुलूप लावून. पन्नास वर्षं ते कुलूप तसंच राहिलं आणि त्याबद्दल मला आजही राग आहे.

पोरी काय करतात? जहाज पकडतात. १९२२ च्या शरदात लिव्हरपूलहून मॉंटक्लेअर बोटीने कॅनडाकडे. फ्लॉरी बरोबर आहे, मोजून खात्री करून घ्या. खालच्या मजल्यावरच्या खोलीत वाफेच्या यंत्राची धडधड, वर उलटीचा आणि उकडलेल्या कोबीचा वास. तिकडे पोचता पोचता कळतं की कॅनडातही परवानगी नाही. मग अमेरिका. तिथे समोर उभे राहतात पुरुषांचे संघ. दचकू नका, पोरी दचकलेल्या नाहीत. पॉटकेट, फॉल रिव्हर, न्यू बेडफर्ड, एकामागून एक कापडगिरण्यांची गावं. तीच धुरांडी, तसाच भोंगा, आणि रेषेबाहेर तुमच्यासारख्याच कापसाचा तंतू केसांत अडकलेल्या कामगार बाया, तोंडात बोटं घालून शिट्टी मारणाऱ्या. पुरुषांशी नऊ सामने. तीन जिंकले, तीन हरले, तीन बरोबरीत.

पुढची वर्षं भराभर जाऊ देत. लिली प्रेस्टनजवळच्या व्हिटिंगहॅम मनोरुग्णालयात परिचारिकेचं काम करते. रुग्णांना उठवायचं, धुवायचं, भरवायचं, रात्रपाळी संपवायची, आणि शनिवारी डाव्या बगलेत उभं राहायचं. १९५१ पर्यंत. तेव्हा ती ४६ वर्षांची आहे. बंदी उठते १९७१ मध्ये, लिली ते बघायला जिवंत असते. इतकी वर्षं जिने मैदानाबाहेरच्या मैदानांवर खेळून काढली, तिला फुटबॉल संग्रहालयाच्या मानकऱ्यांत जागा मिळते ती २००२ मध्ये, मृत्यूनंतर २४ वर्षांनी.

आता घरी परतायचं, पण एक वळसा घेऊन. कोट काढा, शाल काढा. गरम हवा अंगाला चिकटली का? हे केरळातलं कोळीकोड, १९८० चा जानेवारी, आशियाई महिला फुटबॉल स्पर्धा. भारतात १९७५ मध्ये महिला फुटबॉल फेडरेशन उभं राहिलं, लखनौला पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, आणि पाच वर्षांत आपण यजमान आहोत. इथे फुटबॉल म्हणजे काय ते मलबारच्या माणसाला शिकवावं लागत नाही. खोबरेल तेलात तळलेल्या केळ्याच्या कापांचा वास, विडीचा धूर, समुद्रावरून येणारा खारा दमट वारा, मुंडू गुडघ्यावर दुमडून उभे राहिलेले पुरुष, आणि बायकाही. त्या काळच्या भारतीय मुलींमध्ये बंगालची शांती मलिक आहे, तीन वर्षांनी अर्जुन पुरस्कार मिळवणारी पहिली महिला फुटबॉलपटू. गोव्याची योलांडा डिसोझा आहे. इथपर्यंत त्या कशा आल्या असतील ते तुम्हाला आता ठाऊक आहे : गाड्या बदलत, पेटीवर बसून, ओले बूट खिडकीत वाळत घालत.

अंतिम सामना चायनीज तैपेईशी, म्हणजे तैवानशी. आपला संघ दोन गोलांनी मागे आहे, २–०, आणि हेच शेवटपर्यंत राहणार आहे, ते मी तुम्हाला आधीच सांगतो. तरी आपल्या पोरी चेंडू घेऊन पुन्हा पुढे निघाल्यात. ओरडा. मोठ्याने ओरडा, मावचीत ओरडा, अहिराणीत ओरडा. इथे कुणी तुमच्याकडे वळून बघणार नाही, शेजारचा म्हातारा तुमच्यापेक्षा जोरात ओरडतोय.